अठरा टिकल्या

“भुतं गोड पाहिजेत, धुमाळ,” चित्रे मॅडम म्हणल्या.

मी सोसायटीच्या क्लबहाऊसच्या पायरीवर बसून वायरीचं भेंडोळं गुंडाळत होतो. “गोड म्हंजे कशी?”

“म्हणजे हसरी. घाबरवणारी नकोत. तीन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची मुलं आहेत आपल्याकडे, आईबाबाही मागे बसणार. सगळ्यांना एकत्र बघता येईल असंच पाहिजे.” आन् त्यांनी माझ्या हातात काळं चेनचं पाकीट ठेवलं, वहीएवढं. उघडून बघतो तर आत कागदी पाकिटांत तबकड्या. मोजून अठरा. “कार्टूनच्या आहेत सगळ्या. अमेरिकेत होतो तेव्हा मुलासाठी घेतलेल्या. एकतीस तारखेला हॅलोविन. माहितेय ना?”

“नाय बा.”

“अहो, तिकडे त्या दिवशी भुतंखेतं, पितरं घरी येतात म्हणे. मुलं भुताचे कपडे घालून दारोदार चॉकलेटं मागतात.”

“आमची पितरं मागल्या म्हैन्यातच खीर-वडं खाऊन गेली मॅडम. तुमची लांबनं येत्यात, उशीर व्हायचाच.”

लई हसल्या. बाई दिलदार होती, खोटं कशाला बोलू. मग म्हणल्या, “दीड तासाचं निवडा यातलं. पण प्रत्येक तबकडी स्वतः बघा हं, आणि मगच ठरवा. मला ऑफिसातून डोकं वर काढायला वेळ नाही. तुम्ही इतकी वर्षं हेच करताय, तुमच्या नजरेवर सोडते.”

“बघतो की मॅडम. कामच हाय आपलं.”

आता माझं काम काय, तर पडदा. पडदा, प्रोजेक्टर, दोन स्पीकर, आन् हे सगळं वाहायला एक जुनी एम-एटी गाडी. थेरगाव-वाकडकडं तेव्हा नव्या नव्या सोसायट्या उठत होत्या. गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या वाढदिवसाला पडदा लागायचाच. पोरं मला पडदावाले काका म्हणायची. शाळा चौथीत सुटलेली, पण मशीन कुठलीबी द्या, खोलून पुन्हा बसवीन. आन् एक सांगतो, पडद्यावर काय चाललंय ते पडदावाल्याला बघावं लागत नाय. फोकस लावला, आवाज बसवला, की आपलं ध्यान मशिनीकडं. नायतर उजेडाच्या पट्ट्यात धूळ नाचती ती बघत बसायचं. मी तीच बघायचो.

घरी आलो. काळेवाडीत दोन खोल्या होत्या आमच्या. शालन, माझी बायको, शिवणावर बसलेली. दिवाळी नुकतीच सरली होती तरी ब्लाउजांचा ढीग काय सरला नव्हता. आमची वैजयंता जमिनीवर पालथी पडून चकलीचं भुगं वेचून खात होती. सात वर्सांची. माझ्या आईचं नाव ठेवलं म्हणून वैजयंता, हाक मारायला वैजू.

“वैजू, हिकडं ये. नोकरी लागली तुला.”

“कसली आप्पा?”

“कार्टून बघायची.”

उठली की फटकन! तिला सगळं समजावलं. ह्या अठरा तबकड्या. रोज दुपारी सा-सा बघायच्या. ज्यात भ्या वाटंल ती बाजूला. ज्यात नाय वाटणार ती चालंल. मी मागं वायरी जोडून डाग देत बसणार, तिनं नुसतं सांगायचं.

शालन मशिनीवरनं मान वर न करता म्हणली, “आवो, काम तुमाला दिलंय का पोरीला?”

“पोरांचं पोरांनाच कळतंय. मला काय कळतंय कार्टूनमधलं? आन् ही काय भित्री हाय व्हय? वाघीण हाय माझी.”

वैजूनं छाती पुढं काढली. मग जवळ आली आन् हळूच म्हणली, “आप्पा, मी येऊ का तिथं?”

“येतीसच की दर वेळी.”

“तसं नाय. पुढं. सतरंजीवर. त्यांच्यात.”

दर शोला ती माझ्याबरोबर यायची आन् माझ्या मागं प्रोजेक्टरच्या खोक्यावर बसायची. पुढं सतरंजीवर सोसायटीची पोरं लोळत, एकमेकांच्या अंगावर पडत बघायची. ही खोक्यावरनं पाय हालवत त्यांच्याकडं बघायची. मला ते दिसायचं. दिसून काय करणार?

“विचारतो मॅडमला. पण एक हाय,” मी म्हणलो. “तिथं भुतंच भुतं असणार. घाबरणारी पोर मी न्यायची नाय. भ्या वाटलं तर सरळ सांग, मग त्या दिवशी घरी आईपशी बसायचं.”

हे मी बोललो. माझ्याच तोंडानं.

दुसऱ्या दिवशी चित्रे मॅडमला विचारलं तर म्हणल्या, “अहो, बसू दे की पुढे. त्यात विचारायचं काय? तिलाही भूत करून आणा.”

तीन दुपारी आमचं ते चाललं. वैजू टीव्हीच्या पुढं मांडी घालून ताठ बसायची. मी तिच्या मागं, टीव्हीकडं पाठ करून, डाग द्यायची कांडी घेऊन वायरी जोडत. टीव्हीतनं कधी मांजराचा आवाज, कधी दार करकरल्याचा, कधी कुणी हसल्याचा. गाणी. इंग्रजी गडबड. मी तिकडं न बघताच विचारायचो, “काय वैजू?”

“चालंल.”

“भ्या?”

“नाय वाटत.”

“शाब्बास!”

आन् पास झालेल्या तबकडीच्या कागदी पाकिटावर ती आईच्या टिकल्यांच्या पानावरची एक टिकली काढून चिकटवायची. लाल, बारीक. ही तिचीच युक्ती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर अठराच्या अठरा पाकिटांवर टिकल्या. एकालाबी ती नाय म्हणली नव्हती. तवाच माझ्या टाळक्यात उजेड पडायला पाहिजे होता. माणूस बाजारात अठरा वांगी घेतो तर दोन किडकी निघत्यात. पण मी काय म्हणलो? “बघ शालन, अमेरिकेची भुतंबी आपल्या वैजूपुढं गार.”

शालनला गंमत वाटली नाय. “पोरगी दोन दिस झालं मोरीत एकटी जाईना,” म्हणली. “आन् मी कात्री काढली की भाईर पळती. काल म्या कापड बेतायला घेतलं तर पार वाण्याच्या दुकानापत्तुर पळाली.”

“ऊन खायाला जात असंल.”

“उनात कुटं? भिंतीच्या कडंकडंनं चालती, सावलीतनं. म्या इचारलं तर म्हणली, तुला काय करायचंय.”

“म्हंजे वय झालं तिचं उलटं बोलायचं. दुसरं काय.”

बाईमाणसाला सगळ्यात खोट दिसती, असं म्हणून मी तो विषय मिटवला.

एकतीस तारखेला शालननं माझं जुनं धोतर काढलं. डोक्यावरनं घालायचं, डोळ्यांपुढं दोन भोकं. भोकं पाडायला कात्री काढली तर वैजू गायब. अंदाजानंच पाडली. मग धोतर घालून आली तर दोन भोकांतनं दोन काळंभोर डोळं लुकलुकत होतं. मी हात जोडून म्हणलो, “भूतबाई, ह्या गरिबाला सोडा.” खुदकन हसली आतनं. ते हसणं माझ्या अजून कानात हाय.

क्लबहाऊस सजवलेलं. नारंगी फुगं, कागदाची वटवाघळं, एका लाल भोपळ्याला दात कोरलेलं. पोरं तर काय विचारू नका. कुणी चेटकीण, कुणी हाडाचा सापळा, एकानं तोंडाला पीठ फासलं होतं ते घामानं कणीक झालं होतं. मधोमध माझं टेबल, त्यावर प्रोजेक्टर, पुढं सतरंजी, मागं खुर्च्यांवर मोठी माणसं. वायर टेबलापासनं दाराजवळच्या बोर्डापत्तुर नेली होती. वर पायपुसणी टाकली.

वैजू पुढं गेली. पयल्यांदा काठाला बसली. मग एका चेटकिणीनं तिला ओढून मधी घेतलं.

“तू कुठल्या विंगची?”

“मी पडद्याची,” वैजू म्हणली.

“पडद्याची म्हणजे?”

“तो पडदा हाय ना, तो आमचा हाय.”

“खरंच? तुमचा?” आन् मग ती दोघं-तिघं तिच्याभवती सरकली. मी टेबलामागनं बघत होतो. म्हणलं, पोरीनं जागा कमावली.

पयली तबकडी भोपळ्याची. भोपळ्याला सर्दी झालेली, शिंकला की बिया उडत्यात. पोरं लोळून हसली. दुसरी, मांजराची. तिसरी, एका बारक्या भुताची, त्याला अंधाराचं भ्या वाटतंय. मागनं चित्रे मॅडमनी मला अंगठा वर करून दाखवला. मी मान हालवली आन् चौथी घातली. पाकिटावरची टिकली बघून घातली बरं का.

ती बाहुल्यांची होती. चिखलाच्या केल्यागत बाहुल्या. एक उंच हडकुळा शिंपी, गळ्यात टेप, हातात ही भली मोठी कात्री. गावात फिरतो आन् लहान पोरं खेळत असली की मागनं गुपचूप येऊन त्यांची सावली पायापासनं कापतो, घडी घालतो, पिशवीत टाकतो. ज्याची सावली गेली ते पोर पांढरं पडत जातं, मग दिसंनासंच होतं. आई हाका मारत फिरती. हे मी आता सांगतोय ते मला मागनं दुसऱ्यांनी सांगितलेलं. मी तवा धूळ बघत होतो.

मला कळलं ते एवढंच, की हसणं थांबलं. नुसता कात्रीचा आवाज. कच्. कच्. मोठ्या स्पीकरवर, भिंतीवर आपटून येणारा.

निहार नावाचं एक पोर होतं, चारेक वर्सांचं, पाठीला वटवाघळाचं पंख लावलेलं. ते उठलं. आईकडं जायला उठलं असंल. आन् सतरंजीच्या मधोमध उभं राहिलं, माझ्या प्रोजेक्टरच्या उजेडात. त्याची सावली पडद्यावर पडली. मोठी, काळी, पंखांसकट. नेमकी त्या शिंप्याच्या कात्रीच्या दोन पात्यांच्या मधी.

कच्.

पोरानं आपली सावली बघितली. आन् जी किंकाळी फोडली! सावली कापली म्हणत दाराकडं धावत सुटलं. त्याच्या मागं अर्धी सतरंजी उठली. पायपुसणी सरकली, निहारचा पाय माझ्या वायरीत अडकला, आन् पोर दाराच्या चौकटीवर कपाळावर गेलं.

पडदा काळा झाला. वायरच उपटली होती. कुणीतरी दिवं लावलं. फरशीवर रगत.

जखम लई नव्हती, दोन टाकं पडलं, हे मागनं कळलं. पण त्या वक्ताला कपाळाचं रगत म्हंजे काय असतंय तुम्हाला म्हायतीच हाय. आई पोराला उराशी धरून बसलेली. बारकी पोरं गळा काढून रडत होती. निहारच्या बापानं हाताच्या मुठी वळल्या होत्या. “कुठल्या बिनअकलेच्या माणसानं लावलं हे? लहान मुलांना?”

सगळी माझ्याकडं बघाय लागली. चित्रे मॅडमचं तोंड उतरलं होतं. “काका,” त्या म्हणल्या. आत्तापत्तुर धुमाळ म्हणायच्या, आज काका. “तुम्ही सगळ्या बघितल्या होत्या ना? मी सांगितलं होतं ना, स्वतः बघा?”

चाळीसेक माणसं. आन् मी काय केलं सांगू? मी हात वर केला आन् बोट दाखवलं. सतरंजीवर एकटंच एक पांढरं धोतर बसलं होतं. बाकी सगळी पोरं आयांकडं पळाली होती.

“मी नाय बघितल्या,” मी म्हणलो. “हिनं बघितल्या. हीच म्हणली चालंल. भ्या वाटत नाय म्हणली.”

मगाशी ओरडणारा तो बापबी गप झाला. सगळ्यांनी बोटाच्या दिशेनं बघितलं आन् मग पुन्हा माझ्याकडं. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. पण ते नुसतं बघत होतं. एक म्हातारी आजी खुर्चीतनं म्हणली, “अगंबाई, केवढीशी ती पोर.”

धोतरातनं आवाज आला. बारीक. “मला नाय वाटली भीती.”

मी तिच्याकडं गेलो. रागानंच गेलो, खरं सांगतो. तिला उठवावं आन् न्यावं म्हणून. जवळ गेलो तर तिला डोळं नव्हतं. म्हंजे धोतराला तोंडाकडनं भोकंच नव्हती. मी मागनं बघितलं. भोकं मागं होती, डोक्याच्या मागल्या बाजूला. पोरीनं धोतर उलटं फिरवून घेतलं होतं.

मी धोतर वर उचललं. तोंड सगळं ओलं. दोन्ही कानांत आता बोटं. डोळं घट्ट मिटलेलं, इतकं की कपाळाला आठ्या पडलेल्या.

“उघड डोळं,” मी म्हणलो.

ऐकू आलं नसंल. मी तिचा हात कानावरनं काढला. डोळं न उघडताच तिनं विचारलं, “संपलं का आप्पा?”

कधी बोचकं बांधलं, कसं बाहेर पडलो, ठाव नाय. पडदा गुंडाळला नाय नीट, सुरकुत्या पडल्या त्या कायमच्या. चित्रे मॅडम गेटपत्तुर आल्या. वैजूच्या हातात चॉकलेटची पिशवी दिली, तिच्या गालाला हात लावला आन् माघारी गेल्या. ते काळं पाकीट घ्यायला त्यांनी हात पुढं केला नाय, आन् मलाबी द्यायचं सुधरलं नाय.

एम-एटीवर वैजू पुढं टाकीपाशी उभी. पुलापाशी आल्यावर म्हणली, “त्याला लागलं का आप्पा?”

“मग! डोळा गेला असता त्याचा. तू खोटं कशाला बोललीस?”

“मी पयलं बघायचे थोडं. मग डोळं मिटून घ्यायचे.”

“समद्याला?”

“समद्याला.”

“आन् टिकल्या लावत होतीस व्हय? भ्या वाटतंय म्हणून सांगायला काय झालं होतं?”

मग म्हणली, “तुम्ही मागं होता ना. मला वाटलं, तुम्ही बघताय.”

मी गाडी थांबवली नाय. “पुन्हा खोटं बोलायचं नाय,” म्हणलो. एवढंच. बापानं पोरीला शिस्त लावली. घरी शालननं सगळं ऐकलं, तिनं मला काय म्हणलं ते इथं सांगण्यासारखं नाय. पोरीला कुशीत घेतलं, आन् कात्री ट्रंकेच्या तळाशी घातली. म्हैनाभर शेजारणीची मागून आणून, पोर शाळंत गेल्यावर बेतायची.

त्या सोसायटीनं पुन्हा बोलावलं नाय. त्याचं काय नाय, दुसरी कामं मिळाली. पण वैजू पुढं कितींदा तरी विचारायची, “आप्पा, त्या निहारचं कपाळ बरं झालं असंल का?” आठवीत विचारलं. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी विचारलं. लग्न ठरलं तवा हळद लावलेल्या तोंडानं विचारलं, हसत हसतच, पण विचारलं. दर वेळी मी म्हणायचो, “झालं असंल की. तू काय मनाला लावून घेतीस?”

आता जे सांगतो ते मी मागल्या सालापत्तुर कुणाला सांगितलं नव्हतं. शालनलाबी नाय.

मला भुताचं भ्या वाटतं. लहानपणापासनं. खोट्या, चितारलेल्या, कार्टूनमधल्याबी. गणपतीत मंडळवाली भुताचा शिनेमा मागवायची, हजार माणसं बघायची, आन् लावणारा मी उजेडातली धूळ बघत बसायचो. मॅडमनी तबकड्या दिल्या तवाच मी ठरवलं होतं, आपण बघायच्या नाय. मोठा बाप्या माणूस, मिशावाला, सांगणार कुणाला? म्हणून पोरीला पुढं बसवलं. वायरींना डाग द्यायचं काय काम नव्हतं हो. चांगल्या वायरी तोडून पुन्हा जोडत होतो मी, तीन दुपारी.

वीस वर्सं झाली ह्याला. वैजू आता रावेतला ऱ्हाती, रक्त तपासायच्या लॅबमधी हाय. तिची शर्वरी चार वर्सांची. मागल्या साली ऑक्टोबरात फोन आला. “आप्पा, आमच्या सोसायटीत पोरांचं हॅलोविन हाय. कार्टून निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. या की तुम्ही.”

“मी कशाला?”

“या म्हणते ना.”

गेलो. हॉलमधी भिंतीएवढा टीव्ही. शर्वरी सोफ्यावर, मी तिच्या शेजारी. वैजू आत भाकऱ्या थापत होती. कार्टून सुरू झालं. पयलं बरं होतं. मग दुसऱ्यात एक कपाट हळूहळू उघडाय लागलं. बारीक वाजंत्री. माझी मान आपोआप खिडकीकडं वळली. आन् वळता वळता शर्वरी दिसली. ताठ बसलेली, हाताची बोटं सोफ्यात रुतलेली.

मी काय विचारलंबी नव्हतं. तीच म्हणली, “आजोबा, मला नाही भीती वाटत.”

“मला वाटती,” मी म्हणलो.

तिनं माझ्याकडं बघितलं. “तुम्हाला?”

“लई वाटती. पोटात गोळा येतो बघ, हितं.”

“तुम्ही तर मोठे आहात.”

“म्हणून काय झालं? मोठं झालो, भ्याबी माझ्यासंगं मोठं झालं.”

आतला भाकरी थापायचा आवाज थांबला होता. वैजू दारात उभी, पिठाचं हात तसंच. तिनं टीव्ही थांबवायला सांगितला. कपाट अर्धं उघडं राहिलं.

“आप्पा,” ती म्हणली. “तवाबी?”

“तवाबी.”

“म्हणून पाठ करून बसायचा?”

“व्हय.”

“मला वाटायचं वायरी जोडताय.”

“तोडून जोडत होतो.”

मला वाटलं आता रडंल, नायतर चार शब्द सुनावंल, दोन्हीला माझी तयारी होती. पिठाच्या हाताच्या मागल्या बाजूनं तिनं कपाळावरची बट सारली. “मग त्या अठरा तबकड्या बघितल्या कुणी, आप्पा?”

“कुणीच नाय.”

आन् ती हसली. दाराला टेकून, डोळ्यांतनं पाणी येस्तवर हसली. शर्वरीबी तिच्याबरोबर हसाय लागली, तिला काय कळलं होतं देव जाणं. मला नाय हसू आलं.

हसून झाल्यावर वैजू नाक पुसत म्हणली, “‘मला भ्या वाटतं’, एवढंच तिथं म्हणला असता तर, आप्पा. त्या हॉलमधी. एवढंच.”

“व्हय,” मी म्हणलो.

“आजोबा, लावू का पुढचं?” शर्वरी म्हणली, आन् लगीच माझ्या हाताला बिलगली. “कपाटात काय आहे?”

“लाव,” मी म्हणलो. “तू मीट डोळं. मी बघतो.”

तिनं डोळं मिटलं. माझ्या बंडीत तोंड खुपसलं. वैजू आत गेली नाय, दारातच उभी राहिली. मी खिडकीकडं बघितलं नाय, धूळ शोधली नाय. कपाट उघडलं. आतनं जे काय आलं ते आलं. हात लांब लांब, डोळ्यांच्या जागी खड्डं. घाम फुटला मला.

“संपलं का आजोबा?”

“नाय अजून,” मी म्हणलो. “थांब. मी हाय.”